आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मागं पुन्हा जाळी धरू नये म्हणून काय विचारून घ्यावं?

बिंदुसरा_बीड
नमस्कार मंडळी. आईचं वय 67, शुगर आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शिबिरात झालं होतं, लेन्स टाकली, सुरुवातीला एकदम झकास दिसायचं. आता म्हणती, "परत धुरकट दिसायलंय." ज्वारी निवडताना खडा दिसंना. रात्री समोरून मोटारसायकल आली की दिवा फाकतो म्हणती. तपासलं तर डॉक्टर म्हणाले, लेन्सच्या मागं जाळी आलीय, लेझर मारू. आता डाव्याचाही मोतीबिंदू पिकत आलाय. त्याला ही जाळी येऊच नये असं काही असतं का? कुठली लेन्स सांगावी, कुठले थेंब? मेव्हण्यानं एक व्हिडिओ पाठवलाय, सशांवर प्रयोग झालेत, आता औषधानं सगळं साफ होतं म्हणे. खर्चाचं जरा जपून सांगा, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

गोदाकाठ_नांदेड
आमच्या आबांना सेम झालं होतं. लेझर मारलं, बसून राहायचं, ना टाका ना पट्टी. संध्याकाळी पेपर वाचायले. डोळ्यापुढं थोडे दिवस माशा उडाल्यासारखं व्हायचं, मग गेलं. घाबरू नका.

चष्माघर_जालना
मी नेत्रतपासणीचं काम करतो, रोज असे पाच-सात पेशंट समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मोतीबिंदू "परत" आलेला नाही. तो येऊ शकत नाही, भिंग काढूनच टाकलंय. भिंगावर जी पातळ पिशवी असते तिचा पुढचा भाग सर्जन गोल कापतो, आतला गर काढतो आणि त्याच पिशवीत नवी लेन्स बसवतो. पिशवीचा मागचा पापुद्रा जेमतेम 4 मायक्रॉन जाडीचा, तो तसाच ठेवतात, कारण लेन्सला टेकू तोच. कितीही स्वच्छ केलं तरी पिशवीच्या कडेला काही पेशी चिकटून राहतात. त्या वाढतात, सरपटत मागच्या पापुद्र्यावर येतात, तिथं सुरकुत्या पाडतात नाहीतर मोत्यासारखे फुगे धरतात. हीच तुमची जाळी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर पीसीओ लिहिलेलं असतं ते हेच.

त्यामुळं ऑपरेशन बिघडलं होतं असं धरून चालू नका. चांगल्या सर्जनच्या पेशंटलाही जाळी येते, वय कमी असेल तर जास्त लवकर येते.

डाव्या डोळ्यासाठी तीन प्रश्न विचारा. लेन्सची मागची कड चौकोनी, म्हणजे स्क्वेअर एज, आहे का, आणि ती पूर्ण गोलाभर आहे का? लेन्स हायड्रोफोबिक की हायड्रोफिलिक? (हायड्रोफिलिक पाणी धरून ठेवते, तिच्यात जाळीचं प्रमाण जास्त.) आणि पिशवीचं पुढचं तोंड लेन्सपेक्षा थोडं लहान ठेवणार ना? साधारण 6 मिमीच्या लेन्सवर तोंड 5 ते 5.5 मिमी ठेवतात, म्हणजे कड चहूबाजूंनी दाबून बसते. हा शेवटचा प्रश्न विचारला की डॉक्टर चष्म्यावरून बघतील, बघू द्या.

उजव्या डोळ्याच्या डिस्चार्ज कार्डावर लेन्सचं स्टिकर असेल. त्यावर काय लिहिलंय ते टाका.

बिंदुसरा_बीड
सापडलं. पीएमएमए, ऑप्टिक 6.0, लांबी 12.5, पॉवर 21.5. मॉडेल नंबर पुसट झालाय. पीएमएमए म्हणजे हलकी लेन्स का?

चष्माघर_जालना
हलकी नाही, कडक प्लास्टिकची. घडी होत नाही म्हणून काप थोडा मोठा लागतो एवढंच. लंडनला 1949 साली हॅरॉल्ड रिडले यांनी पहिली लेन्स बसवली तीही पीएमएमएचीच. ज्यांची ऐपत नाही त्यांनी उगीच फोल्डेबलसाठी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीएमएमएमध्येही चौकोनी कडेची लेन्स मिळते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात एका डोळ्यात गोल कडेची, दुसऱ्यात चौकोनी कडेची पीएमएमए लेन्स टाकून 9 वर्षं पाठपुरावा केला, चौकोनी कडेवाल्या डोळ्यांत जाळी कमी निघाली. महागाच्या पॅकेजची यादी पुढं सरकवली तर आधी कडेचं विचारा, रंगीत पुस्तिकेचं नंतर.

पशुवैद्य_परभणी
सशांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. व्हेटर्नरीला असताना प्रयोगातल्या सशांचे डोळे तपासायचं काम केलंय.

ससा यासाठी का, तर त्याच्या भिंगाच्या पेशी भलत्या चिवट. माणसात जाळी यायला महिने-वर्षं जातात, सशात काही आठवड्यांत पिशवी गच्च भरते. कोवळ्या सशात तर पिशवी शाबूत ठेवली की अर्धवट भिंगच परत उगवतं. डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे स्लिट लॅम्पवर, बघितलं की कडेनं पांढरट कडं चढत आलेलं दिसतं आणि मधोमध साबणाच्या फेसासारखे बारीक फुगे. म्हणून जाळी अडवायचा कुठलाही उपाय आधी सशात जिंकला पाहिजे, आणि तिथं जिंकला तरी माणसात चालेलच असं नाही.

वर चौकोनी कडेचं आलंय, ते सशांमुळंच पक्कं झालं. जपानमधल्या ओसाकाचे नेत्रतज्ज्ञ ओकिहिरो निशी यांनी 2000 च्या आसपास दाखवलं की करामत लेन्सच्या मालापेक्षा कडेची जास्त. चांगलं नाव असलेल्या ॲक्रिलिक (घडी होणाऱ्या) लेन्सची कड त्यांनी मुद्दाम गोल केली, तर पेशी आरामात मागं घुसल्या. धारदार कडेपाशी पापुद्रा काटकोनात वाकतो, पेशी तिथं येऊन अडतात.

आता औषधांचं. मेथोट्रेक्सेट, 5-एफयू, मायटोमायसिन, ही कॅन्सरवाली औषधं पिशवीत सोडून पाहिली आहेत. पेशी मरतात, त्यात शंका नाही. अडचण अशी की त्याच डोळ्यात दोन-तीन मिमीवर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा आतला थर असतो, आणि तो एकदा मेला की माणसात परत वाढत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ मलूफ यांनी पिशवीचं तोंड बंद करून फक्त आतून धुवायचं साधन काढलं. नुसतं डिस्टिल्ड पाणी वापरून पेशी फुगवून फोडायचा बेत होता, माणसांत त्याचा फारसा फरक पडला नाही. सध्या मला भरवशाची वाटते ती उलटी कल्पना. पिशवी लेन्सवर चिकटू न देता उघडी ठेवायची, आतून डोळ्याचं पाणी खेळतं ठेवायचं. सशांत अशा लेन्सनं पिशव्या बऱ्याच स्वच्छ राहिल्या आहेत. पण हे आईच्या तारखेपर्यंत बीडला येणार नाही, त्याची वाट बघू नका.

मेव्हण्यांचा व्हिडिओ बहुतेक लॅनोस्टेरॉल नावाच्या औषधाचा असेल. 2015 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं होतं, सशांची भिंगं आणि कुत्र्यांचे डोळे. ते मूळ मोतीबिंदूबद्दल होतं, जाळीशी संबंध नाही. नंतर माणसाच्या काढलेल्या भिंगांवर इतरांनी करून पाहिलं, भिंग काही साफ झालं नाही.

हळदीचं_रान_वसमत
मध आणि कांद्याचा रस घालायचं आमच्या गावात एक जण सांगतो, जाळी कापते म्हणे. आमची चुलती घालायली सहा महिन्यांपासून.

चष्माघर_जालना
ताई, आजच बंद करायला लावा. जाळी लेन्सच्या मागं आहे, बुबुळावर टाकलेला रस तिथं पोचत नाही. पोचेल तो जंतू, तोही पुढंच, बुबुळावर. दर पावसाळ्यात असे सडलेले डोळे बघतो. एकदा फूल पडलं की मग लेझरही नीट मारता येत नाही.

गोदाकाठ_नांदेड
मग उजव्याचं काय? लेझर लगेच मारावं का डाव्याचं ऑपरेशन झाल्यावर?

चष्माघर_जालना
हे डॉक्टरच ठरवणार. शुगर आहे म्हणून लेझरआधी बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या. दिसणं कमी झालं त्यात जाळीचा वाटा किती आणि पडद्याच्या सुजेचा किती, हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर जाळी फोडली तरी खडा दिसणार नाही आणि मग लेझरलाच शिव्या. लेझर झाल्यावर डोळ्याचा दाब चढू शकतो, त्याचे थेंब देतात, तासाभरानं दाब मोजल्याशिवाय निघू नका. पुढं कधीही वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेनं काळा पडदा सरकला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पडदा सुटण्याची ती खूण. आणि एकदा का मागचा पापुद्रा फोडला की लेन्स बदलणं अवघड होतं. त्यामुळं ज्यांना लेन्सच मानवलेली नाही अशांनी घाई करू नये. तुमच्या आईचं तसं नाही, पहिले दिवस छान दिसत होतं.

तालुक्याला जाळी फोडायच्या लेझरचं, म्हणजे यॅग लेझरचं, यंत्र बहुतेक नसतं. अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना तुम्हाला जवळ, नाहीतर संभाजीनगरचा सरकारी दवाखाना, घाटी. निघायच्या आधी फोन करून यंत्र चालू आहे का विचारा, एसटीचं भाडं वाचेल.

मांजरा_लातूर
मधेच विचारते. बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाला जन्मतः मोतीबिंदू आहे. लहानांना पण चौकोनी कडेनं भागतं का?

पशुवैद्य_परभणी
नाही भागत ताई. लहान मुलांच्या पेशी सशासारख्याच वाढतात. म्हणून बहुतेक वेळा ऑपरेशनच्या वेळीच मागच्या पापुद्र्याला मधोमध भोक पाडतात आणि त्यामागं डोळ्यात भरलेला जेलसारखा पदार्थही थोडा काढतात. नंतर लेझरला तीन वर्षांचं पोर यंत्राला हनुवटी लावून बसणार थोडंच.

चष्माघर_जालना
आणि सोयाबीन काढून झाल्यावर बघू, असं करू नका. या वयात डोळा झाकलेला राहिला की मेंदू त्याच्याकडून बघायचं शिकतच नाही, मग कितीही चांगली लेन्स टाका. लहान मुलांचं भूल देऊन करणारे सर्जन वेगळे असतात, ते कुठं आहेत ते घाटीच्या नेत्रविभागात विचारा. ऑपरेशननंतर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे किती वर्षं चालेल, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

बिंदुसरा_बीड
सोमवारी अंबाजोगाईला जायलोत, पडदा तपासायला. तिन्ही प्रश्न कागदावर लिहून घेतलेत, आणि यावेळी स्टिकरचा फोटो काढून ठेवतो.