फुगीर नाळेवर पट्ट्या एकमेकींवर चढतायत, काढू की पुढे जाऊ? (एंडेव्हर, १:६४)

चित्रकला_नाशिक

नमस्कार. मी नाशिकला शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजाचं लाकडी मॉडेल बांधायला घेतलं. सांगाडा प्लायचा, त्यावर लाइमवूडच्या पट्ट्यांचा पहिला थर (५ मिमी रुंद, दीड मिमी जाड) आणि त्यावर अक्रोडाच्या अर्धा मिमी पट्ट्यांचा दुसरा. सांगाडा आणि डेक होईपर्यंत सगळं सुरळीत होतं.

डेकच्या कडेपासून खाली येत डाव्या बाजूला नऊ पट्ट्या लावल्या. मधल्या भागात त्या शेजारीशेजारी अगदी नीट बसल्यात. पण नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) वळताना सहावीपासून टोक उचलायला लागलं, आठवी तर सातवीच्या अंगावर चढलीच. नववी टाचण्या मारून दाबून धरली होती. रात्री टक्क आवाज आला, सकाळी बघते तर ती सुटून समोर उभी. आज कण्याला (तळाच्या मधल्या लांब लाकडाला) फूटपट्टी लावून पाहिली, तर तोही मधोमध ३ मिमी वाकलाय. एवढं मन लावून केलेलं काम काढायला हात धजत नाही. वर चढलेला भाग घासून सपाट केला तर चालेल का?

होडीसुतार_मालवण

ताई, काढा. नऊच्या नऊ काढा. घासून सपाट करायला गेलात तर दीड मिमीची पट्टी त्या जागी कागदासारखी होईल, आणि पुढची प्रत्येक पट्टी तीच चूक घेऊन खाली उतरेल.

तुमच्या वाकवण्यात खोट नाही, रुंदीत आहे. जहाजाचं पोट मधे मोठं आणि टोकाला लहान. मधे पट्ट्या जेवढी जागा घेतात तेवढी नाळेपाशी नसतेच, मग त्या जाणार कुठे? म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला निमुळती करूनच लावायची.

माझे वडील होड्या बांधायचे. फळी लावायच्या आधी ते एक पातळ लवचीक काठी वांकांवरून (होडीच्या फासळ्यांना आमच्याकडे वांक म्हणतात) नुसती सोडायचे. जोर अजिबात लावायचे नाहीत. एक डोळा मिटून बघायचे, ती आपण होऊन कुठे जाते. कुठला वांक तिला वर ढकलताना दिसला की वाकस घेऊन तेवढंच लाकूड उतरवायचे. फळीचा नंबर त्यानंतर. तुमच्या किटमधली एखादी जास्तीची पट्टी घ्या आणि बल्कहेडवरून (सांगाड्यातल्या प्लायच्या आडव्या फासळ्यांवरून) अशीच सोडून बघा. पहिल्या दोन-तीन बल्कहेडच्या कडा चौकोनी असतील तर पट्टी फक्त धारेवर टेकते, पूर्ण बसत नाही. त्या कडा नाळेच्या दिशेने तिरक्या घासा. फुगीर नाळेवर हे काम अर्धा दिवस खातं, खाऊ द्या. पुढच्या दोन बल्कहेडमधली पोकळी बाल्साच्या ठोकळ्याने भरून घासून गोल केलीत तर पट्टीला टेकायला अंग मिळतं.

आता मोजायचं. कागदाची एक पट्टी कापा. सगळ्यात रुंद बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत गुंडाळून खूण करा. तसंच सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या बल्कहेडवर. तिन्ही आकडे इथे टाका.

आणि गोंद कुठला वापरलात? साधा फेविकॉल असेल तर ओलं फडकं अर्धा तास ठेवा, वरून मंद इस्त्री टेकवा, पातळ सुरी सारून एकेक उचला. मरीन (पाण्यात टिकणारा फेविकॉल) असेल तर पाणी त्याला फारसं सोडवत नाही, तेव्हा कटरने पट्टी कापूनच काढावी लागेल. फेविक्विक असेल तर ॲसिटोन, खिडकी उघडी ठेवून.

सिडनीकर

इथे डार्लिंग हार्बरला सागरी संग्रहालयापाशी एंडेव्हरची पूर्ण आकाराची प्रतिकृती असते, १९९३ साली फ्रीमँटलला पाण्यात उतरवलेली. मी दोनदा मुलाला घेऊन गेलो आणि दोन्ही वेळा जास्त वेळ नाळेसमोरच उभा राहिलो. पुढून बघितलं तर जहाज सफरचंदासारखं गोल आहे. ताईंचा त्रास मला अगदी समजतो, कारण हे मुळात कोळसा वाहणारं जहाज. १७६४ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिटबीला ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ नावाने बांधलं, १७६८ मध्ये ब्रिटिश आरमाराने विकत घेतलं. जास्तीत जास्त माल मावावा म्हणून नाळ बोथट आणि तळ सपाट. त्या सपाट तळामुळेच १७७० मध्ये प्रवाळाच्या खडकावर आपटल्यावर ते नदीच्या मुखाशी किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करता आलं. भोकात प्रवाळाचा एक मोठा तुकडा तसाच अडकून राहिला होता, म्हणून पाणी कमी शिरलं.

थोडं विषयांतर झालं, पण मॉडेल बांधणाऱ्याला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

चित्रकला_नाशिक

काल रात्री काढल्या. साधा फेविकॉलच होता. दोन पट्ट्या तुटल्या, सात शाबूत निघाल्या. आकडे: मधे १२० मिमी, पुढे ८४, मागे १३८.

होडीसुतार_मालवण

शाब्बास. आता बघा. मधे १२० भागिले ५, म्हणजे २४ पट्ट्या. पुढे ८४ भागिले २४, म्हणजे साडेतीन मिमी. तुम्ही साडेतीनच्या जागेत पाचाची पट्टी कोंबत होतात. नऊ पट्ट्यांत साडेतेरा मिमी जास्त झाले, जवळजवळ तीन पट्ट्या! ती नववी सुटली त्यात तिचा काय दोष.

पट्टी मधल्या बल्कहेडपर्यंत पूर्ण ५ ठेवा, तिथून पुढच्या टोकाला साडेतीनपर्यंत उतरवा. सरळ पाटावर धरून कटरने थोडं थोडं, मग रंधा किंवा पॉलिश पेपर लावलेली सपाट काठी. आधीच्या पट्टीला चिकटणारी कड सरळच ठेवा, खालची तासा. अर्ध्याच्या, म्हणजे अडीचच्या खाली मात्र कधी जाऊ नका. तितकी बारीक पट्टी चिरते. तेवढी वेळ आली तर दोन पट्ट्यांची टोकं एकीत मिळवतात.

मागे उलटं आहे. जागा १३८, पट्ट्या १२० च्या. १८ मिमी उघडे राहणार. पट्ट्या ओढून ती जागा भरायची नाही. त्या त्यांच्या वाटेने जाऊ द्या आणि मधे पडलेल्या त्रिकोणांत पाचरीच्या आकाराचे तुकडे बसवा, त्यांना स्टीलर म्हणतात. तीन-चार लागतील.

कण्यासाठी: सांगाडा किंचित दमट करून दोन सरळ फळ्यांमध्ये वजन ठेवून दोन दिवस दाबा. नंतर डावीकडे एक लावली की उजवीकडे एक, हा क्रम मोडू नका. ओला गोंद सुकताना ओढतो, तो दोन्हीकडून सारखा ओढला पाहिजे.

रंधा_कोथरूड

वरचं सगळं मान्य, एक भर. बरेच जण पट्टी तासभर भिजवून तशीच ओली चिकटवतात. ते करू नका. लाइमवूड भिजलं की रुंदीत फुगतं आणि सुकल्यावर दोन पट्ट्यांत फट पडते, विशेषतः पावसाळ्यात सुरू करून हिवाळ्यात संपवलंत तर. फक्त पुढचे दहा सेंटिमीटर १५ मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, नाळेवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून रात्रभर सुकू द्या, सकाळी काढून मग गोंद लावा. अक्रोडाची अर्धा मिमी पट्टी बोटांनीच वळते.

चित्रकला_नाशिक

आज चौथी जोडी लागली. नाळेवरून बोट फिरवलं तर एकही सांधा अडत नाही, मी चार वेळा फिरवलं. कणा सरळ आहे. एकच विचारायचंय: कण्याला लागून असलेली सगळ्यात खालची पट्टी नाळेवर किती वर न्यायची?

होडीसुतार_मालवण

फार वर नाही. नवखी माणसं तिथेच चुकतात, तिला नाळेच्या वळणाबरोबर वर चढवत नेतात आणि मग वरच्या सगळ्या पट्ट्यांची वाट अडते. ती कण्याला धरून सपाट पुढे जाऊ द्या आणि नाळ वर वळायला लागते तिथे, पहिल्या बल्कहेडच्या आसपास, संपवा. टोक गोलसर कापा. लावण्याआधी फोटो टाका, बघतो.