वय ८१, न्यूमोनिया आणि छापील प्रोटोकॉल, हे बरोबर आहे का?

स्वप्ना, कर्वेनगर:
नमस्कार मंडळी. बाबांना न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट केलंय, वय ८१. ताप असा नव्हताच, जेवण सुटलं होतं आणि असंबद्ध बोलायला लागले, स्वारगेटची बस आली का गं असं मलाच विचारत होते, त्यामुळे आम्हाला आधी वाटलं डोक्याचं काहीतरी आहे. आता डॉक्टर म्हणतात वयस्कर पेशंटचा ठरलेला प्रोटोकॉल आहे, त्याप्रमाणे चालू आहे. फाईलला खरंच छापील फॉर्म लावलाय, टिक केलेला. बाबांना शुगर आहे, हार्टच्या गोळ्या चालू आहेत, मग सगळ्यांना एकच ट्रीटमेंट कशी काय? दादा म्हणतोय दुसरीकडे हलवू. प्लीज सांगा.

निवृत्त सिस्टर, हडपसर:
स्वप्नाताई, घाईने हलवू नका. मी मेडिकल वॉर्डात काम केलंय, फॉर्म नसला की काय काय राहून जातं ते बघितलंय. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप नसणं आणि बडबडणं हे नेहमीचंच आहे. न्यूमोनिया किती गंभीर आहे ते बघायला कर्ब-६५ म्हणून स्कोअर असतो, त्यात गोंधळलेपणा, रक्तातली युरिया ४२ च्या वर, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० किंवा कमी आणि वय ६५ किंवा जास्त, प्रत्येकाचा एक मार्क. बाबांचे वय आणि गोंधळ धरून दोन तिथेच झाले, म्हणजे अ‍ॅडमिट केलं ते योग्यच. पहिला अँटिबायोटिकचा डोस लवकर जावा, ऑक्सिजन बघितला जावा, हे कोण ड्युटीवर आहे त्यावर अवलंबून राहू नये म्हणून तो कागद. पण हार्टच्या गोळ्यांचं नक्की विचारा, अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देत असतील तर ईसीजी बघितलाय का, कारण त्याने काहींच्या हार्टच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आणि किडनीप्रमाणे डोस बघतात का तेही.

अभिजित, सिंहगड रोड:
सिस्टरांशी सहमत. आईच्या वेळी औषधं वेळेवर होती पण तिला कॉटवरून कुणी उठवलंच नाही, घरी आली तेव्हा बाथरूमपर्यंत जायला धरावं लागायचं. तुम्ही पहिल्यापासून विचारा की खुर्चीत कधी बसवणार, चालवणार कधी. चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरून न्या, त्याने गोंधळ कमी होतो. आणि आडवं असताना चहा बिलकुल पाजू नका, पाणी पिताना ठसका लागतोय का बघा, लागत असेल तर गिळण्याची तपासणी करायला सांगा, फुफ्फुसात गेलं की परत तेच.

डॉ. एस., बाणेर:
छापील प्लॅन म्हणजे किमान एवढं तरी व्हायलाच हवं अशी यादी. शुगर आणि हार्टप्रमाणे बदल करणं डॉक्टरांचं काम आहे आणि तो बदल फाईलवर लिहिलेला असायला हवा, तेवढं दाखवायला सांगा, हक्काने सांगा. सलाईनमधून गोळ्यांवर कधी आणणार तेही विचारा. ताप १०० च्या खाली, नाडी १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, बीपी ठीक, ऑक्सिजन ९० च्या वर, खाणंपिणं सुरू आणि डोकं पहिल्यासारखं, एवढं झाल्यावर घरी. एक्स-रे साफ व्हायला या वयात कित्येक आठवडे लागतात, त्यावरून घाबरू नका. बरे झाले की फ्लू आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूवरची) लस.

स्वप्ना, कर्वेनगर:
खूप खूप आभार सगळ्यांचे. दादाला हे सगळं वाचून दाखवलं, हलवत नाही आहोत. ईसीजी झालाय म्हणाले, गिळण्याचं मात्र कुणी बघितलं नव्हतं, आत्ता राऊंडला विचारते.