आई-वडिलांसाठी टीव्ही, एसी, पंखा आणि कूलर एकाच रिमोटवर आणता येतील का?

परभणीकर

नमस्कार. परभणीच्या घरी आई-वडील दोघेच राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. बैठकीच्या खोलीत टीव्ही, डीटीएचचा सेट टॉप बॉक्स, टीव्हीला लावलेली फायर टीव्ही स्टिक, एसी आणि रिमोटवर चालणारा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आहे. त्यांचे पाचही रिमोट प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून एका डब्यात ठेवलेले असतात. याशिवाय ओसरीत गावातच बनवून घेतलेला पत्र्याचा कूलर आहे. त्याला रिमोट नाही, फक्त फिरवायची खुंटी आहे. वडिलांना बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्यामुळे एसीचा म्हणून ते पंख्याचा रिमोट उचलतात. आई टीव्ही बंद करते, पण सेट टॉप बॉक्स रात्रभर चालूच राहतो.

हव्या त्या बटणाला हवे ते काम नेमून देता येईल असे युनिव्हर्सल रिमोट बाजारात मिळतात. माझा विचार असा आहे की एका बटणात टीव्ही आणि बॉक्स दोन्ही सुरू व्हावेत, दुसऱ्या बटणात एसी ठरावीक तापमानावर लागावा आणि एका बटणात सगळे बंद व्हावे. हे प्रत्यक्षात जमते का? आमच्याकडे उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा अशी मांडणी टिकेल का? की मोबाइलवरून चालणारे वाय-फायचे यंत्र घेणे बरे? आई-वडिलांकडे स्मार्टफोन आहे, परंतु त्याचा उपयोग व्हॉट्सअॅप आणि फोन यापलीकडे होत नाही.

लातूरचा दुरुस्तीवाला

खरेदीपूर्वी प्रत्येक रिमोट कोणत्या मार्गाने निरोप पाठवतो ते पाहून घ्यावे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे तोंड त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर तो रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा आहे आणि त्याची नक्कल करता येते. ठिपका दिसला नाही आणि सेल चांगले असूनही रिमोट भिंतीआडून किंवा चादरीखालून काम करत असेल, तर तो ब्लूटूथ किंवा रेडिओ लहरींवर चालतो. साधा युनिव्हर्सल रिमोट त्याची नक्कल करू शकत नाही. आपल्या यादीत टीव्ही, बॉक्स आणि एसी हे बहुधा इन्फ्रारेडच निघतील. पंखा मात्र दोन्ही प्रकारांत मिळतो, म्हणून तो तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, पण त्याच्या काही मॉडेलांमध्ये टीव्हीचा आवाज आणि पॉवर यांसाठी इन्फ्रारेडही असते. आपला रिमोट तसा असेल आणि आई-वडील मुख्यतः स्टिकवरच पाहत असतील, तर टीव्हीपुरता प्रश्न त्याच रिमोटवर सुटलेला असतो आणि लोक उगाच दुसरा रिमोट आणतात.

आता नक्कल करण्याविषयी. युनिव्हर्सल रिमोट दोन तऱ्हांनी तयार होतो. पहिल्या तऱ्हेत सोबतच्या कागदावरून कंपनीसमोरचा तीन-चार अंकी कोड घालायचा असतो. एकाच कंपनीचे अनेक कोड दिलेले असतात, आणि पॉवरचे बटण चालले म्हणजे कोड बरोबर आहे असे समजून लोक थांबतात. आवाज, मेनू, इनपुट आणि मागे जाण्याचे बटण हे सारे दाबून पाहिल्यावरच कोड पक्का करावा. दुसऱ्या तऱ्हेत मूळ रिमोट आणि नवा रिमोट समोरासमोर तीन-चार सेंटीमीटरवर ठेवून एकेक बटण शिकवायचे असते. ही तऱ्हा वेळखाऊ आहे, परंतु आपल्यासारख्या गरजेला मला तीच योग्य वाटते, कारण हवी तेवढीच बटणे शिकवून बाकीची कोरी ठेवता येतात. शिकवताना थेट ऊन किंवा जवळ सीएफएलचा दिवा नसावा आणि मूळ बटण टिचकीसारखे हलके दाबावे. एनईसी नावाच्या प्रचलित संदेशपद्धतीत बटण दाबून धरले की पहिल्या संदेशानंतर दर सुमारे 110 मिलिसेकंदांनी फक्त 'तेच पुन्हा' अशी खूण जाते. बटण लांबवर दाबून धरले तर काही रिमोट मूळ संदेशाऐवजी ही खूणच साठवतात, आणि मग 'शिकवले तरी चालत नाही' अशी तक्रार येते.

नांदेड_घरकाम

वरील सल्ला योग्य आहे, परंतु वीज जाण्याचा मुद्दा राहून गेला आणि मराठवाड्यात तो सर्वांत मोठा आहे. बहुतेक टीव्ही आणि बॉक्स यांचे पॉवर बटण चालू-बंद दोन्हींसाठी एकच असते, म्हणजे यंत्र चालू असेल तर बंद होते आणि बंद असेल तर चालू होते. वीज येते तेव्हा अनेक बॉक्स आपोआप सुरू होतात, पण टीव्ही स्टँडबायवरच राहतो. अशा वेळी आपले 'दोन्ही सुरू' बटण दाबले की टीव्ही सुरू होईल आणि बॉक्स बंद पडेल. पुन्हा दाबले तर उलटे होईल. म्हाताऱ्या माणसांना हा खेळ कोणी समजावून सांगणार नाही. म्हणून एका बटणात दोन यंत्रे बांधू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काही टीव्ही केवळ 'चालू' आणि केवळ 'बंद' असे वेगवेगळे संदेशही ओळखतात, जरी मूळ रिमोटवर तशी बटणे नसली तरी. ते कोडच्या यादीत सापडले तरच एकत्र बांधणी करावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची) ही सोय असेल तर ती सुरू करून पाहावी. स्टिक जागी झाली की टीव्ही आपोआप सुरू होतो आणि बॉक्सच्या भानगडीत न पडता काम भागते.

वाय-फायवर चालणाऱ्या इन्फ्रारेड यंत्राविषयी: ते बहुधा केवळ 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडले जाते, समोर अडथळा चालत नाही आणि वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर निरुपयोगी ठरते. पुण्यातून एसी बंद करण्याची सोय म्हणून ते असू द्यावे, पण आई-वडिलांच्या हाती बटणांचा रिमोटच द्यावा.

परभणीकर

आपण दोघांनी मनापासून माहिती दिली, आभारी आहे. कॅमेऱ्याने तपासल्यावर पंखा इन्फ्रारेडच निघाला. एसीविषयी एक शंका आहे. तापमान वाढवण्याचे बटण शिकवले, तर नव्या रिमोटवरून ते एकदा चालते आणि नंतर दाबले तरी काही फरक पडत नाही. शिकवण्यात काही चूक होते आहे का?

लातूरचा दुरुस्तीवाला

शिकवण्यात चूक नाही, एसीची रीतच वेगळी आहे. टीव्हीच्या रिमोटवरून 'आवाज एक पायरी वाढव' असा संदेश जातो. एसीच्या रिमोटवरून मात्र प्रत्येक वेळी बटण दाबताच त्या रिमोटच्या पडद्यावर त्या क्षणी दिसणारी संपूर्ण स्थिती जाते, म्हणजे चालू की बंद, कूल की ड्राय, तापमान किती, पंख्याचा वेग किती आणि झडप हलती की स्थिर हे सारे. आपण 25 वरून 26 केले तेव्हा 'चालू, कूल, 26' हा संदेश साठवला गेला. तो कितीही वेळा पाठवला तरी एसी 26 वरच राहणार. आपल्या उद्देशाला हा गुण सोयीचाच आहे. मूळ रिमोटवर कूल, 26 अंश आणि पंखा मध्यम अशी स्थिती लावून ती एका बटणावर शिकवावी, दुसऱ्या बटणावर 24 अंश आणि तिसऱ्यावर 'बंद' शिकवावे. ही बटणे वीज गेल्यानंतरही चुकत नाहीत, कारण त्यांच्यात चालू-बंदची अदलाबदल नसते. एक अडचण येऊ शकते. एसीचा संदेश टीव्हीच्या संदेशापेक्षा बराच लांब असतो आणि स्वस्तातल्या शिकाऊ रिमोटात तो मावत नाही, म्हणून दुकानातच एसीचे बटण शिकवून दाखवण्यास सांगावे.

आई-वडिलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. एसी बंद करून लगेच चालू केला की काँप्रेसर साधारण तीन मिनिटे मुद्दाम थांबतो आणि तोवर फक्त पंख्याची साधी हवा येते. माणसांना वाटते की रिमोट लागलाच नाही आणि ती पुन्हा पुन्हा बटणे दाबत राहतात.

बीड_वायरमन

कूलरविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. खुंटीच्या कूलरला रिमोट लावण्याचा सोपा उपाय म्हणजे खुंटी चालूच ठेवून मधे रिमोटचा किंवा वाय-फायचा प्लग बसवणे. हे करता येते. प्लगवर लिहिलेली अँपिअरची क्षमता पंखा आणि पंप यांच्या एकत्रित भाराहून चांगली जास्त असावी. परंतु पत्र्याचा कूलर आणि पाणी ही जोडी जिवावर बेतणारी आहे, हे विसरू नये. अर्थिंगची वायर कूलरच्या पत्र्याला प्रत्यक्ष जोडलेली आहे का ते पाहावे आणि त्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) बसवून घ्यावी. रिमोटने बंद केलेला कूलर विजेपासून तुटला असे गृहीत धरू नये. टाकीत पाणी भरताना, खस किंवा लाकडी तंतूंची जाळी ओली करताना आणि पंपाला हात लावताना प्लग भिंतीतून उपसलाच पाहिजे. आपल्या वडिलांना कूलर खुंटीनेच चालवण्याची सवय असेल, तर मी त्याला रिमोट लावणार नाही.

नांदेड_घरकाम

शेवटी मांडणीपुरते. टीव्हीची पॉवर, आवाजाची दोन बटणे, चॅनलची दोन, बॉक्सची पॉवर, एसीची तीन आणि पंख्याची दोन, एवढीच बटणे शिकवावीत. बाकीच्या बटणांवर काळी टेप चिकटवावी आणि एसीच्या बटणांवर निळ्या नखपॉलिशचा थेंब लावावा. सराव झाला की अक्षरे वाचावी लागत नाहीत. काही रिमोटांत सेल काढले की शिकवलेले विसरले जाते, म्हणून विकत घेतानाच त्याविषयी विचारावे आणि वापरलेले कोड सेलच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून ठेवावेत. मूळ रिमोट मात्र टाकू नयेत. त्यांचे सेल काढून ते कपाटात ठेवावेत, कारण नवा रिमोट बिघडला तर पुन्हा शिकवण्यासाठी त्यांच्याशिवाय गत्यंतर नसते.