मदत हवी आहे: कटर दिसला की आमची चिकू पलंगाखाली

चिकू आमची लॅब्रेडॉर, ५ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिची नखं कापताना माझ्या हातून एक नख जरा जास्तच कापलं गेलं. नखं काळी, त्यामुळे आतली रक्तवाहिनी कुठवर आलीय ते बाहेरून दिसत नाही. ती कळवळून ओरडली, फरशीवर रक्ताचे थेंब पडले. कॉर्नफ्लोअर दाबून धरलं तेव्हा कुठे थांबलं. तिचा तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

तेव्हापासून पंजाला नुसता हात लावला तरी पाय ओढून घेते. नखं इतकी वाढलीत की चालताना टकटक वाजतात, परवा तर ती घसरलीच. सगळ्यात काळजी पुढच्या पायाच्या अंगठ्याची. ते नख जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, आणि गोल वळून आता कातडीला भिडायला आलंय.

जबरदस्तीने धरून कापायची माझी तयारी नाही, भीती आणखी पक्की बसेल. सध्या रोज कटर फक्त शेजारी ठेवते आणि पंजाला हात लावू दिला की लगेच खाऊ देते. काल पहिल्यांदा तिने पंजा माझ्या हातात राहू दिला, चार-पाच सेकंद!

तुमच्यापैकी कुणाच्या कुत्र्याची अशी भीती गेली असेल तर किती दिवस लागले? काळ्या नखांना ग्राइंडर (नख घासून झिजवणारं छोटं मशीन) बरा पडतो का, की त्याच्या आवाजाने ती जास्त बिचकेल? रोज एकच नख, तेही टोकापुरतं, असं केलं तर चालेल? अंगठ्याचं नख तेवढं आधी डॉक्टरांकडून कापून आणावं असं वाटतंय. तुम्ही काय केलं असतं?