क्रूझवर रात्रीच्या जेवणाला नक्की काय घालायचं?

प्रेषक: मृणाल
विषय: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

नमस्कार मंडळी,

आपली क्रूझ आता पाच आठवड्यांवर आली आणि काल बुकिंगचे कागद नीट वाचायला बसले तर त्यात सात रात्रींपैकी दोन 'फॉर्मल' आणि बाकीच्या 'स्मार्ट कॅज्युअल' असं दिलंय, पण म्हणजे नक्की काय ते कुठेच धड सांगितलेलं नाही. माझ्याबरोबर आई-बाबा आहेत. बाबांकडे सूट नाही आणि दोन रात्रींसाठी मी शिवणार नाही असं त्यांनी ठणकावून सांगितलंय, आईला साडीशिवाय दुसऱ्या कशात मोकळं वाटत नाही. साडी फॉर्मलमध्ये धरतात का? बाबांना साध्या शर्ट-पँटवर आत सोडतील ना? दोघंही पहिल्यांदाच जहाजावर येतायत, त्यांना दारात कोणी काही बोललं तर मला फार लागेल म्हणून आधीच विचारते. ज्यांनी केलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मृणाल

प्रेषक: निखिल
विषय: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

मृणालताई, एवढं टेन्शन घेऊ नका. आम्ही नॉर्वेजियन कंपनीच्या क्रूझने गेलो होतो, सगळ्या रात्री जीन्स आणि कॉलरचा शर्ट, कोणी एका शब्दाने विचारलं नाही. सूट वगैरे सगळं जुन्या काळचं झालं. बॅग हलकी ठेवा.

निखिल

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

मृणाल, निखिल आणि सगळे,

निखिल, तू लिहिलंस ते खरंय, पण ते नॉर्वेजियनपुरतं. त्यांनी २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली तेव्हाच ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि फॉर्मल नाइटची सक्ती हे सगळं काढून टाकलं. बाकीच्या कंपन्यांचं वेगवेगळं आहे. सेलिब्रिटीने २०१५ च्या शेवटी फॉर्मल शब्द सोडून 'ईव्हनिंग शिक' असं नाव ठेवलं, वायकिंगवर फॉर्मल नाइट नसतेच. कार्निव्हलवर 'एलिगंट नाइट' असते, दोन ते पाच दिवसांच्या सफरीत एक आणि सहा किंवा जास्त दिवस असतील तर दोन. आणि क्यूनार्डवर गेलात तर तिथली गाला ईव्हनिंग, म्हणजे त्यांची फॉर्मल नाइट, अजूनही खरीखुरी फॉर्मल असते. म्हणून एका जहाजावरचा अनुभव दुसऱ्या जहाजाला लावू नका. आपल्या कागदात दोन फॉर्मल लिहिल्यात ना, मग त्या आहेत असं धरूनच बॅग भरा.

हे मी एवढ्या तळमळीने का लिहितेय ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी दुपारी जहाजावर चढलो, उकडत होतं म्हणून नाना, म्हणजे माझे सासरे, गुडघ्यापर्यंतच्या शॉर्ट्समध्ये आणि सँडलमध्ये होते. मोठ्या बॅगा बंदरावरच द्यायच्या असतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते, कधी जेवणाची वेळही टळून जाते. आमच्या आल्याच नव्हत्या. तसेच आम्ही मेन डायनिंग रूमला गेलो, तर दारातल्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं की रात्रीच्या जेवणाला शॉर्ट्स चालत नाहीत. तो बिचारा त्याचं काम करत होता. नाना काहीच बोलले नाहीत, फक्त हाताने शॉर्ट्सची कड जराशी खाली ओढली, आणि मग म्हणाले तुम्ही जेवून या, मला विशेष भूक नाही. त्यानंतर पूर्ण आठवडा ते बुफेलाच जेवले. त्यांचा बंदगळा इस्त्री करून नेला होता, फॉर्मल नाइटला आम्ही सगळ्यांनी विनवण्या केल्या, तरी नाही आले, आणि तो बंदगळा प्लास्टिकच्या कव्हरमध्ये होता तसाच घरी परत आला. बॅगा उशिरा येतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी त्यांना सांगायला हवं होतं, राहून गेलं.

तेव्हा मृणाल, पहिली गोष्ट ही की आई-बाबांचे पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत ठेव, फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट, आईची एक साडी किंवा ड्रेस, आणि त्याच बॅगेत दोघांची औषधं. पहिली रात्र याच कारणाने जवळजवळ सगळीकडे साधी असते, फॉर्मल नाही, पण साधी म्हणजे शॉर्ट्स आणि बनियन नव्हे.

दुसरं म्हणजे हा नियम सबंध जहाजाला नसतो, तो त्या त्या जागेला असतो. मेन डायनिंग रूममध्ये रात्री पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे टी-शर्ट, टोपी आणि पुरुषांच्या रबरी चपला साधारणपणे कुठेच चालत नाहीत, शॉर्ट्सचं कंपनीप्रमाणे बदलतं. बुफेला यातलं बरंचसं चालतं, फक्त ओल्या कपड्यांनी आणि अनवाणी जायचं नाही. सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाला कोणी फार बघत नाही. जास्तीचे पैसे देऊन जेवायच्या छोट्या रेस्टॉरंटांचे नियम वेगळे असतात, बुकिंग करतानाच विचारून घ्यायचं. रोज कुठले कपडे ते कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा केबिनमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत येतं, ते रात्री झोपताना बघून ठेवायचं. फॉर्मल नाइट बहुतेक दुसऱ्या दिवशी किंवा ज्या दिवशी कुठलंच बंदर नाही त्या दिवशी असते, म्हणजे तयारीला निवांत वेळ मिळतो.

आणि साडी! अगं साडी तर पूर्ण फॉर्मल, त्यात शंका नको.

अनघा

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

सर्वांस नमस्कार,

अनघाताईंचं पत्र वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी आणि सौ. क्यूनार्डच्या क्वीन मेरी २ जहाजाने साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला गेलो होतो, सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही, नुसतं पाणी. त्यात दोन गाला ईव्हनिंग होत्या, एक काळ्या-पांढऱ्या रंगाची. पुरुषांना टक्सिडो किंवा गडद सूट, बो किंवा टाय. पण क्यूनार्डच्या नियमातच लिहिलेलं असतं की आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो, स्कॉटिश मंडळी त्याच हक्काने किल्ट घालून येतात. मी काळा बंदगळा घातला होता, सौ.नी काळ्या काठाची पांढरी साडी. ज्याला एवढं नको असेल त्याला संध्याकाळी सहानंतरही जहाजावर बुफे आणि पबसारख्या ठरावीक जागा मोकळ्या असतात, तेव्हा सक्ती अशी कोणावरच नाही.

निखिल, 'जुन्या काळचं' हा तुझा शब्द मला पटला नाही. माणसं मुद्दाम आवरून, एकमेकांसाठी थांबून, जिन्यावरून सावकाश खाली येतात, वेटर नावाने हाक मारतो, टेबलावर अनोळखी लोक उठून उभे राहतात, यात जुनं काय आहे? घरी आपण चौघं चार वेळेला जेवतो. तिथे सात दिवस आम्ही दोघं रोज एकमेकांकडे बघून तयार झालो. बंदगळ्याचं वरचं हूक मला हल्ली लागत नाही, बोटं थरथरतात, तर ते सौ. लावून द्यायच्या. हे मला त्या सफरीत सगळ्यांत जास्त आवडलं.

मृणाल, बाबांना सांग सूट अजिबात शिवू नका. बंदगळा असेल तर उत्तम, नसेल तर चांगल्या कापडाचा कुर्ता, त्यावर जाकीट, खाली चुडीदार किंवा सरळ पँट आणि मोजडी किंवा बूट. फक्त पातळ सुती कुर्ता-पायजमा नको, ज्यांना ठाऊक नाही त्यांना तो रात्रीचा पोशाख वाटू शकतो. आणि तेही नको असेल तर गडद पँट, फिकट शर्ट, टाय, एवढ्यावर आपल्यासारख्या जहाजांवर फॉर्मल नाइट व्यवस्थित निभावते.

सुहास

प्रेषक: मृणाल
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

अनघाताई, काका, खूप खूप आभार. नानांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला दोन्ही पत्रं वाचून दाखवली, ती लगेच कपाट उघडून बसली. आता तिचा प्रश्न असा की सिल्कची साडी बॅगेत चुरगळणार, तर छोटी इस्त्री नेली तर चालेल का? आणि जहाज हलतं तेव्हा साडीत चालता येतं का?

प्रेषक: केतकी
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

मृणाल, इस्त्री अजिबात नेऊ नकोस! जहाजावर सगळ्यांत मोठी भीती आगीची, त्यामुळे इस्त्री आणि वाफेचा स्टीमर दोन्हींवर बंदी असते, बॅग स्कॅन होते तेव्हा काढून घेतात आणि ती बॅग मागे राहते ती वेगळीच. प्रिन्सेससारख्या काही कंपन्यांच्या जहाजांवर आपल्या हाताने धुवायची खोली असते तिथे इस्त्री मिळते, रॉयल कॅरिबियनवर तशी खोलीच नाही, मग पैसे देऊन इस्त्रीला टाकायचं. मी काय करते, सिल्क नेतच नाही. क्रेप किंवा जॉर्जेट, घडी न घालता गुंडाळी करून, आणि पोचल्या पोचल्या हँगरला. कपाट लहान असतं, पण केबिनच्या भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात, त्यांना चुंबकाचे हूक मस्त चिकटतात, चार घेऊन जा. आईंना सिल्कच हवी असेल तर अंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दारामागे लटकवायची, वाफेने मोडलेल्या घड्या सैल होतात, पण पाण्याचा थेंब उडू द्यायचा नाही.

नेसायचं म्हणशील तर खरी अडचण हलण्याची नाही, जागेची. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी पट्टी असते. आम्ही अर्धा तास आधी बाकीच्यांना डेकवर पाठवून देतो. निऱ्या उभ्याने घालायच्या आणि पिन बसून लावायची, कारण नेमकी पिन हातात असताना जहाज कलतं आणि टाचणी बोटात जाते. पदर खांद्याला दोन ठिकाणी पिन कर, उघड्या डेकवर वारा दाराशीच असा अंगावर येतो की हातभर पदर तोंडावर. बाहेर जायच्या दारांना खाली उंच उंबरा असतो, साडी नेसणारीने तो बघून ओलांडायचा, एका हाताने निऱ्या उचलून. टाचेच्या चपला नकोत, सपाट किंवा रुंद टाचेच्या हव्यात. जेवणाच्या वेळेला लिफ्ट भरलेल्या असतात, जिना धरावा लागतो, तेव्हा पंधरा मिनिटं आधी निघा. आणि शाल! डायनिंग रूमचा एसी इतका गार असतो की पहिल्या रात्री माझ्या सासूबाई टेबलावरचा नॅपकिन खांद्यावर घेऊन बसल्या होत्या.

अजून एक, शेवटच्या रात्रीचं कोणी लिहिलं नाही. मोठ्या बॅगा त्या रात्री झोपायच्या आधी केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट खाली उतरल्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढून मगच चेन लावायची. आमच्या शेजारच्या केबिनमधले आजोबा सकाळी झब्बा-लेंगा आणि खाली काळे पार्टीचे बूट अशा अवतारात उतरले, त्यांच्या मुलीचा चेहरा रडवेला झाला होता.

केतकी

प्रेषक: निखिल
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

सुहासकाका, पटलं. मी यावेळी ब्लेझर घेतोय. फक्त मुलांच्या आईवडिलांसाठी एक भर घालतो, मिलिटरी छापाचे, म्हणजे हिरव्या-खाकी ठिपक्यांचे कपडे बॅगेत टाकू नका. जहाजावर काही नाही, पण बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया अशा कॅरिबियन देशांत ते सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. आपल्या मार्गात बार्बाडोस आहे. लेकाची आवडती पँट तीच होती, काल समजावून कपाटात परत ठेवली.

निखिल

प्रेषक: मृणाल
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझ - रात्रीच्या जेवणाचे कपडे

सगळ्यांना मनापासून थँक्यू. ठरलं ते लिहून टाकते. आईच्या दोन क्रेपच्या आणि एक सिल्कची, शाल, सपाट चपला. बाबांनी काकांचं पत्र स्वतः दोनदा वाचलं, कुणाला न सांगता माळ्यावरची पेटी काढली आणि माझ्या लग्नातला बंदगळा घालून बाहेर आले. पोटावर थोडा घट्ट होतोय, दोन्ही बाजूंनी शिवण सोडायला उद्या टेलरकडे देतेय. पहिल्या रात्रीचे दोघांचे कपडे हातातल्या बॅगेत आत्ताच ठेवून दिलेत. केतकी, चुंबकाचे हूक आणणार असशील तर आमच्यासाठी पण चार आण, पैसे भेटल्यावर देते.

मृणाल