मदत हवी आहे: बांबूतून माणूस जन्मल्याची आपल्याकडची गोष्ट

नमस्कार मंडळी. भाचीसाठी सृष्टीच्या जन्माच्या गोष्टी जमवतेय आणि एका जागी अडकलेय.

जपानच्या ‘कोजिकी’ या जुन्या ग्रंथात (इ.स. 712) इझानागी हा देव आणि इझानामी ही देवी आकाशातल्या तरंगत्या पुलावर उभे राहून रत्नजडित भाल्याने समुद्र ढवळतात. टोकावरून ठिबकलेलं मीठ साचून पहिलं बेट तयार होतं. भाची लगेच म्हणाली, “हे तर समुद्रमंथन!” पण आपल्या मंथनातून चौदा रत्नं निघाली, जमीन नाही. पृथ्वी पाण्यातून वर आणली ती वराहाने. (पुढे लग्नविधीत इझानामी आधी बोलली म्हणून मूल अधू झालं म्हणे! यावर भाची चांगलीच भडकली.)

फिलिपिन्सच्या तागालोग लोकांच्या कथेत पक्षी बांबूवर चोच मारतो, बांबू दुभंगतो आणि मलाकास व मगांदा, म्हणजे बलवान आणि सुंदर, हे पहिले स्त्रीपुरुष बाहेर येतात.

बांबूतून किंवा झाडातून माणूस आल्याची गोष्ट वारली, कोकणा, गोंड किंवा कोरकू घरांत कुणी ऐकली आहे का? आजीने सांगितलेली, अर्धवट आठवणारी असली तरी चालेल. फक्त कुठल्या गावाकडची ते जरूर लिहा.