सिंदीतूनच ये-जा करू की नागपुरात खोली पाहू?

मी सिंदी रेल्वे गावचा. अजनीजवळ हिशेबाचं काम. सकाळची पॅसेंजर धराले पाचले उठतो, आई त्याच्याही आधी तव्यापाशी. डबा गरम असते, गाडी मात्र बोरखेडीले मालगाडी जाईपर्यंत उभी. काल तिसरा लेटमार्क पडला, अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. खोली केली तर पगारातलं उरंन काय? अन् घरी दोन एकर कपाशी. वेचणीले बाया मीच सांगतो.

वर्धेकर: भाऊ, महिन्याचा पास काढा ना. रेल्वेचा 150 किलोमीटरपर्यंत मिळते. खोलीभाड्यापुढं काहीच नाही.

प्रश्नकर्ता: पास हाय जी. पास दाखवून मालगाडी हटत नाही!

सेलूची: मी एसटीनं येते. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट, म्हणून परवडते. पण केळझरपासून उभ्यानं, खांद्याला कुणाचा तरी डबा टोचत. पोरगी झोपल्यावरच घरी पोचते. तुम्ही एकटे असाल तर दोघं-तिघं मिळून खोली करा, शनिवारी घरी.

प्रश्नकर्ता: शनिवारी हाफ-डे बी नसते बाई. संक्रांतीपर्यंत रेटतो, वेचणी उरकू द्या. अजनीकडं दोन हजारांत खाट भेटत असंन तर सांगजा.